वावरात माळढोक दिसला. सांगायचं का? आणि सांगितलं तर वावर जाईल का?

वरोरा तालुक्यातल्या एका शेतकरी भाऊंनी विचारलं आहे, ते थोडक्यात असं: "पोळ्याच्या आधीपासून आमच्या वावरात एक मोठा पक्षी येतो. मोराएवढा उंच, पण मोर नाही. लांब पांढुरकी मान, डोकं वरून काळं. सोयाबीन-तुरीत आणि बाजूच्या ई-क्लासच्या (सरकारी चराईच्या) पडितात फिरतो. पोरं म्हणतात माळढोक आहे, फोटो टाकू. जुने लोक म्हणतात, गप राहा, फॉरेस्टवाल्यांना कळलं तर वावर जाईल. सांगू का नको?"

भाऊ, फोटो टाकण्याआधी विचारलंत हे फार चांगलं केलं. विदर्भातल्या माळरानांवर आणि वावरांमध्ये पक्ष्यांचं काम करताना हा प्रश्न मी बऱ्याच गावांत ऐकला आहे, आणि प्रत्येक वेळी विचारणाऱ्याचा आवाज खाली गेलेला असतो. माझं उत्तर असं की सांगा, पण गाजावाजा न करता आणि योग्य माणसाला. मात्र मला वाटतं तुमची खरी अडचण पुढची आहे. पक्षी तुमच्या वावरात आहे तोवर निंदण, फवारणी, सोंगणी कशी करायची आणि त्यात तुमचं नुकसान किती होऊ द्यायचं, ही ती अडचण. त्याबद्दल मी जास्त लिहिणार आहे, कारण पक्षी राहतो की जातो हे कागदापेक्षा तिथंच ठरतं.

आधी पक्षी तोच आहे याची खात्री करू. लांडोर, काळा शराटी, कांडेसर करकोचा हे सगळे वावरात उतरतात आणि लांबून फसवतात. पहिली खूण म्हणजे माळढोक झाडावर कधीच बसत नाही. त्याच्या पायाला तीनच बोटं असतात आणि तिन्ही पुढं. मागचं बोट नसल्यामुळे त्याला फांदी धरता येत नाही. तेव्हा पक्षी एकदा जरी बाभळीवर किंवा पळसावर बसलेला पाहिला असेल, तर तो माळढोक नव्हे. पाऊस पडून गेल्यावर काळ्या मातीत उमटलेले पायही पाहा. लांडोरीच्या पायाची मागच्या बोटाची खूण दिसते, माळढोकाच्या पायाची दिसत नाही. उडताना तो मान पुढं ताणतो, पंख सावकाश आणि जोरकस हलतात आणि फार उंच जात नाही. नराच्या छातीवर काळा पट्टा असतो. तो मीटरभर उंच आणि आठ ते पंधरा किलोपर्यंत भरतो. मादीचं वजन त्याच्या निम्म्याच्या आसपास आणि तिच्या छातीवरचा पट्टा पुसट किंवा तुटक असतो. तुमच्या वर्णनावरून नर की मादी हे मी सांगू शकत नाही, पण पुढचं बरंच त्यावर अवलंबून आहे. म्हणून धुऱ्यावरूनच, म्हणजे बांधावरूनच, जवळ न जाता, छाती नीट पाहून घ्या.

पक्षी छोटा असेल, म्हणजे साधारण कोंबडीएवढा, आणि पावसाळ्यात गवतातून वारंवार उभा उडी मारून पुन्हा खाली दिसेनासा होत असेल, तर तो तणमोर. तोही माळढोकाच्याच कुळातला आणि तितकाच संकटात. अकोला-वाशीमकडच्या फासेपारधी समाजातल्या जाणत्या लोकांना तो कुठल्या गवतात, कधी दिसेल याची जी समज आहे ती मला पुस्तकांत मिळाली नाही. तुमच्या पक्ष्याची उंची पाहता तो तणमोर नसावा, पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाला उपयोग होईल म्हणून लिहिलं. खाली लिहिलेली काळजी दोघांनाही लागू आहे.

आता वावर जाण्याची भीती. ती हवेतून आलेली नाही. सोलापूर-अहमदनगर भागात १९७९ साली माळढोक अभयारण्य झालं तेव्हा त्याची हद्द जवळपास ८,४९६ चौरस किलोमीटर धरली गेली. त्यात खाजगी शेतं होती, गावं होती. खरेदी-विक्री अडली, कामं अडली आणि लोकांच्या मनात पक्ष्याबद्दलच राग बसला. पुढं ते क्षेत्र कमी करून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणावं लागलं. मध्य प्रदेशातल्या करेऱ्यालाही तेच झालं. १९८१ साली अभयारण्य झालं, जमिनीचे व्यवहार अडकले, लोक दुखावले, आणि १९९०च्या दशकात तिथले माळढोक संपले. तुमच्या गावातल्या जुन्या लोकांच्या कानावर यातलं काहीतरी आलेलं असणार. त्यांना खोटं पाडू नका.

पण एक पक्षी दिसला म्हणून वावर अभयारण्यात जात नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. त्यात अभयारण्य करायचं तर आधी शासनाला अधिसूचना काढून इरादा जाहीर करावा लागतो, जिल्हाधिकाऱ्यांना हक्कांची चौकशी करावी लागते, जाहीरनामा निघाल्यापासून दोन महिन्यांत लोकांनी आपले दावे मांडायचे असतात. वनरक्षकाच्या डायरीत "अमुक गट नंबरमध्ये माळढोक दिसला" अशी नोंद झाल्यानं यातलं काहीच सुरू होत नाही. सातबाऱ्यावर त्याचा शेरा येत नाही. तुमचं वावर आधीच एखाद्या संरक्षित क्षेत्राच्या भोवतालच्या पर्यावरण-संवेदनशील पट्ट्यात असेल, तर तिथले नियम आजही लागू आहेत. पक्ष्यामुळे ते वाढत नाहीत. कायद्यात सामुदायिक राखीव क्षेत्राचीही सोय आहे, पण ते गावानं किंवा जमीनमालकानं स्वतःहून पुढं येऊन केलं तरच होतं. आज तुम्हाला त्याचा विचार करायची गरज नाही.

कायद्याची एक गोष्ट मात्र घरातल्या प्रत्येकाला आणि मजुरांनाही सांगून ठेवा. माळढोक पहिल्या अनुसूचीत आहे. त्याचं अंडं उचलणं किंवा घरट्याला हात लावणं हीसुद्धा कायद्याच्या लेखी शिकारच आहे. शिक्षा तीन ते सात वर्षांची. "पोरानं खेळता खेळता अंडं घरी आणलं" हे कारण चालत नाही.

सांगायचं कुणाला? तुमच्या बीटचा वनरक्षक माहीत असेल तर त्याच्यामार्फत थेट वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना. नसेल तर वनविभागाचा १९२६ हा नंबर आहे. जिल्ह्याचे मानद वन्यजीव रक्षकही चालतील. सांगताना दिवस, वेळ, पीक, गट नंबर आणि पक्षी काय करत होता एवढं सांगा. आणि पहिल्याच वाक्यात म्हणा, "साहेब, जागा बाहेर जाऊ देऊ नका, आणि गाडी वावरात आणू नका." हे म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. माणसं कशी भेटतात त्यावर बरंच अवलंबून असतं. बहुतेक ठिकाणी मला समजून घेणारे लोक भेटले. एका गावात मात्र खबर दिल्याच्या दुसऱ्याच दिवशी तीन गाड्या पिकात आल्या, आणि त्या शेतकऱ्यानं पुन्हा कधी कुणाला काही सांगितलं नाही. म्हणून हे वाक्य आधीच बोलून टाकलेलं बरं.

पोरांना सांगा, ओळखीसाठी लांबून एक फोटो काढा, वनविभागाला द्या आणि तिथंच थांबा. ग्रुपवर गेलेला फोटो संध्याकाळपर्यंत नागपूरला पोचतो आणि रविवारी तुमच्या धुऱ्यावर कॅमेऱ्यांची रांग लागते. त्यांच्यातले बहुतेक पक्ष्यावर प्रेम करणारेच असतात, पण उबवणाऱ्या मादीला दोन माणसं काय आणि वीस काय, ती उठतेच. ड्रोन तर कुणालाच उडवू देऊ नका.

एवढी काळजी कशासाठी, तेही सांगतो. देशात आज माळढोक दीडशेच्या आसपास उरलेत आणि त्यातले बहुतेक सगळे राजस्थानात, जैसलमेरच्या बाजूला. महाराष्ट्रात बोटांवर मोजण्याइतके. विदर्भात त्याच्या नोंदी येतात त्या मुख्यतः तुमच्याच वरोरा-भद्रावती पट्ट्यातून. मादी साधारण वर्षाला एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर, थोडं उकरून. सत्तावीस दिवसांच्या आसपास ती एकटीच उबवते. नर काही मदत करत नाही. पिल्लू पहिल्या दिवसापासून चालतं, पण पुढचे कितीतरी महिने आईच्या मागेच असतं. आपल्याकडे हा सगळा काळ पावसाळ्यात येतो, म्हणजे नेमका तुमच्या सोयाबीनच्या निंदणापासून सोंगणीपर्यंत. तुमच्या वावरात दिसते ती मादी असेल, तर कुठंतरी अंडं असण्याची शक्यता धरूनच चाला.

घरटं शोधू नका. मादी रोज एकाच कोपऱ्याकडे चालत जाऊन दिसेनाशी होत असेल, किंवा तुम्ही तिकडं वळलात की पाय लोंबकळत ठेवून वेडीवाकडी उडत तुम्हाला दुसरीकडे नेत असेल, तर अंडं किंवा पिल्लू त्या बाजूला आहे असं समजा आणि तो कोपरा सोडा. चुकून अंड्यावर पोचलातच, तर आल्या पावली परत फिरा. खूण म्हणून तिथं काठी रोवायची नाही. कावळे माणसाच्या हालचालीवर लक्ष ठेवून असतात, आणि काठी माणसांनाही बोलावते. त्यापेक्षा दोन धुऱ्यांवर एकेक दगड ठेवा. दोघांची रेघ जिथं एकमेकीला छेदते ती जागा तुम्हाला कळेल, दुसऱ्या कुणाला नाही. त्या जागेपासून निदान शंभर पावलं कुणी जाऊ नये. अंडं माळावर असेल तर हे सोपं आहे. भर पिकात असेल तर तेवढ्या तुकड्याचं निंदण आणि फवारणी महिनाभर राहते, आणि उत्पन्न घटतं. ते नुकसान खरं आहे. त्याची भरपाई आपोआप मिळेल असं गृहीत धरू नका. वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांशी तुकडा सोडायच्या आधीच बोला, तलाठ्याला बोलावून पंचनामा करून घ्या आणि जे ठरेल ते लेखी घ्या. मध्य प्रदेशात सैलान्याकडे तणमोराची खबर देणाऱ्या आणि त्याला शेतात सांभाळणाऱ्या शेतकऱ्यांना वनखात्यानं बक्षीस देण्याचा प्रयोग केला होता. आपल्याकडेही तसं मागायला हरकत नाही, आणि तुमच्या मागणीच्या बाजूनं मी उभा राहीन.

फवारणीचं सांगतो. तुम्हाला अजिबात फवारू नका असं मी म्हणणार नाही. अळी पडलेल्या सोयाबीनसमोर उभं राहून असा सल्ला देणं सोपं असतं, निभावणं नसतं. पण पक्षी तुमच्या वावरात येतो तो नाकतोडे, भुंगेरे, सरडे खायला. पिल्लाचं तर जवळजवळ सगळं खाणंच किडे. फवारा बसला की एक तर खाणं जातं, नाहीतर विष खाल्लेले किडे त्याच्या पोटात जातात. म्हणून पडिताला लागून असलेली आठ-दहा तासं, म्हणजे पिकाच्या ओळी, बिनाफवारणीची ठेवा आणि धुऱ्यावर तणनाशक मारू नका. किडे धुऱ्याच्या गवतात टिकतात आणि पक्षी पहाटे आधी तिथंच चरतो. बाकीच्या वावरात अळीची पातळी बघून, गरज असेल तेव्हाच आणि एकाच औषधाचा फवारा घ्या. दोन-तीन औषधं एकत्र करून मारायची सवय आपल्याकडे आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं किती घरं उद्ध्वस्त झाली हे तुम्ही पाहिलं आहे. यात पक्ष्याचं आणि फवारणाऱ्याचं हित एकच आहे.

सोंगणी हा सगळ्यात धोक्याचा दिवस. धोका दिसला की पिल्लू पळत नाही, जमिनीला चिकटून बसतं. हार्वेस्टरवाल्याला ते दिसणं शक्य नाही. म्हणून शक्य असेल तर त्या बाजूची सोंगणी हातानं करा आणि बायांच्या टोळीला आदल्या दिवशी समजावून सांगा. हार्वेस्टरच लावायचा असेल तर काम पडिताच्या विरुद्ध टोकाकडून सुरू करून पडिताकडे सरका, म्हणजे मादीला पिल्लू घेऊन माळावर निघून जायला वाट राहते. चारी बाजूंनी सोंगत मध्यभागी आलात तर शेवटच्या तुकड्यात ती कोंडली जातात. मशीनच्या पुढं एक माणूस सावकाश चालवा. तूर तर पुढं उभी राहणारच आहे, तिचा आडोसा त्यांना कामी येतो.

कुत्र्यांबद्दल मी कडक बोलतो, कारण माळावर जमिनीवर घरटं करणाऱ्या पक्ष्याला इतकं मोठं नुकसान दुसऱ्या कुठल्या जनावरानं केलेलं मी पाहिलं नाही. कोल्हा, मुंगूस, घोरपड हे पूर्वीपासून आहेत. पण गिधाडं संपली, मेलेली ढोरं गावाबाहेर उघड्यावर पडू लागली आणि त्यावर कुत्र्यांच्या टोळ्या वाढल्या. त्या टोळ्या मग माळ पिंजून काढतात. आपला जागल्या कुत्रा या दोन महिन्यांत बांधून ठेवा, गुराख्यालाही तशी विनंती करा आणि मेलेलं ढोर पुरायची व्यवस्था ग्रामपंचायतीकडून करून घ्या. रानडुकरांसाठी झटका मशीन लावली असेल तर निदान पडिताकडची बाजू मोकळी ठेवा. मेन लाइनवरून थेट करंट सोडणं गुन्हा आहेच, आणि त्यात माणसंही मरतात.

तुमच्या भागात खाणी आणि वीज केंद्रं असल्यामुळे तारांचं जाळं दाट आहे. वावरावरून किंवा पडितावरून लाइन जाते का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. जात असेल तर खबर देताना तेही सांगा. माळढोकाचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. नाकासमोरचं त्याला कमी दिसतं, आणि उडताना नजर खाली जमिनीवर असते. तार अगदी जवळ आल्यावर दिसते, आणि एवढ्या वजनाच्या पक्ष्याला ऐन वेळी वळता येत नाही. थरच्या वाळवंटात तारांना धडकून वर्षाला अठराच्या आसपास माळढोक मरतात असा भारतीय वन्यजीव संस्थेचा अंदाज आहे. दीडशेतले अठरा म्हणजे काय हे तुम्हीच पाहा. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. एप्रिल २०२१ मध्ये राजस्थान-गुजरातेतल्या त्याच्या पट्ट्यातल्या तारा जमिनीखाली घालण्याचा आदेश झाला, आणि मार्च २०२४ मध्ये तो सरसकट न ठेवता तज्ज्ञांच्या समितीकडे विषय सोपवला गेला. तुमच्याकडे इतकं होणार नाही. पण तारांवर चमकणाऱ्या, फिरणाऱ्या तबकड्या लावता येतात, म्हणजे पक्ष्याला तार लांबून कळते. तो अर्ज वनविभागामार्फत वीज कंपनीकडे जायला हवा. गावाचं पत्र सोबत असलं तर काम लवकर हलतं.

आता त्या ई-क्लासच्या पडिताबद्दल, कारण तुमच्या पत्रात मला सगळ्यात मोलाची ओळ तीच वाटली. वावर त्याला चरायला पुरतं. राहायला, नाचायला, अंडं घालायला त्याला माळ लागतो. कुसळी, शेडा, मारवेल यांचा, मधूनमधून उघडी बरड जमीन असलेला, झाडं अगदी विरळ असलेला माळ. उभं राहिल्यावर गवतावरून चौफेर दिसलं पाहिजे, हा त्याचा हिशेब. म्हणून माफक चराई त्याला चालते, उलट थोडी उपयोगाची ठरते. गवत त्याच्या डोळ्यांच्या वर गेलं की तो ती जागा सोडतो. गुराख्याला हाकलून लावू नका. या पक्ष्यावर तुमच्याइतकीच त्याचीही नजर असते. फक्त श्रावण-भाद्रपदात जनावरं त्या कोपऱ्यातून वळवायला सांगा.

या माळाला खरा धोका आहे तो त्याला "पडीक" म्हणण्यातून. पडीक म्हटलं की तिथं खड्डे खोदून झाडं लावायचा ठराव येतो, नाहीतर अतिक्रमण, नाहीतर सौर प्रकल्प. २०१९ साली ३३ कोटी वृक्षलागवडीच्या वेळी कितीतरी गावांत गवताळ माळांवरच रोपं लागली. झाड लावणं पुण्याचं काम आहे असं आपण मानतो आणि गावठाणात, नाल्याकाठी, रस्त्याच्या कडेला ते आहेच. पण माळावर दाट झाडं वाढली की खालचं गवत जातं, झाडावर बसून टेहळणी करणारे कावळे येतात, आणि माळढोक परत येत नाही. तुमच्या ग्रामसभेत त्या पडितावर लागवडीचा ठराव आला, तर गुरांच्या चाऱ्याचं कारण देऊन तो दुसऱ्या जागी न्यायला सांगा. चाऱ्याचं कारण खरंच आहे आणि सगळ्यांना पटणारं आहे. पक्ष्याचं नावही घ्यावं लागणार नाही.

इतकं सगळं एकदम जमणार नाही. दोनच गोष्टी जमत असतील तर या आठवड्यात कुत्रं बांधा आणि पडिताकडची तासं फवारणीतून सोडा. खबर देणं तर एका फोनचं काम आहे. सोंगणीला अजून वेळ आहे, तोवर आपण पुन्हा बोलू.

तुमच्याकडून मला तीन गोष्टी कळल्या तर पुढचं नेमकं सांगता येईल. छातीवरचा पट्टा ठळक आहे की पुसट. पक्षी सकाळ-संध्याकाळ त्याच कोपऱ्यात जातो का. आणि पडितावरून तार गेली आहे का. गावाचं नाव किंवा गट नंबर इथं लिहू नका, फक्त ही तीन उत्तरं द्या.